पोलिओच्या मुलांची आई : फातेमा इस्माइल

मेळाव्याच्या स्मरणिकेसाठी हाडं, सांधे आणि स्नायू यांच्या आजारांवर लिहा, असं संपादक मंडळाचं पत्र आलं. आपल्या शाळेतून गेल्या काही वर्षांत बरीच मुलं-मुली वैद्यकीय आणि फिजिओथेरपीच्या शिक्षणाला गेली आहेत, त्यांना उपयोग होईल असं काही हवं, अशी पुस्तीही होती. आजारांची यादी आणि लक्षणं त्यांच्या पाठ्यपुस्तकात माझ्यापेक्षा नीट दिलेली असतात. म्हणून मी एका बाईंचं चरित्र निवडलं. त्या डॉक्टर नव्हत्या. पण मुंबईत अस्थिरोग किंवा फिजिओथेरपी शिकणारा विद्यार्थी हाजीअलीला गेला की त्यांच्या कामाच्या आवारातच पाय ठेवतो, आणि बहुतेकदा त्यांचं नाव त्याला माहीत नसतं.

फातेमा इस्माइल. मुंबईत त्यांना ‘मदर फातेमा’ म्हणत.

त्यांचा जन्म १९०३ सालचा. माहेर मुंबईच्या सोबानी घराण्यातलं. वडील हाजी यूसुफ सोबानी कापडाचे बडे व्यापारी. भाऊ उमर सोबानी यांचं नाव आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचलेलं नाही, पण त्यांची जागा वाचली आहे. ३१ जुलै १९२१ रोजी गांधीजींनी परळला परदेशी कापडाची मोठी होळी पेटवली, ती उमर सोबानींच्या एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात. दुसऱ्या दिवशी आपल्या रत्नागिरीच्या लोकमान्यांची पहिली पुण्यतिथी होती. होळीत कापड जाळायचं आणि धंदा कापडाचाच करायचा, हे जमवणारा माणूस काही काळच टिकतो. उमर सोबानी कापसाच्या व्यवहारात पार बुडाले आणि १९२६ मध्ये गेले. भरलेलं घर रिकामं होताना फातेमाबाईंनी ऐन तारुण्यात पाहिलं. पुढे मोठमोठ्या लोकांच्या दारात जाऊन मुलांसाठी मागताना त्यांना संकोच वाटला नाही, त्याचं मूळ मला इथे दिसतं. श्रीमंती आणि तिचं जाणं दोन्ही बघितलेल्या माणसाला पैशांची भीड वाटत नाही.

लग्नानंतर त्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या कामात पडल्या. प्रौढ बायकांना अक्षरओळख, गरीब बायकांना हाताला काम, अशी त्या काळातल्या सुशिक्षित घरातल्या बाईची समाजसेवा त्यांनीही केली. १९४२ च्या चळवळीत भूमिगत कार्यकर्त्यांना त्यांच्या घरात आसरा मिळाला. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी त्यांचं आयुष्य चांगलंच म्हटलं असतं. पण १९४५ च्या सुमारास त्यांची तीन वर्षांची मुलगी उषा तापाने आजारी पडली, आणि ताप उतरला तेव्हा तिचे पाय गेले होते.

इथे विद्यार्थ्यांसाठी थोडं थांबतो. आजच्या पिढीने पोलिओचा ताजा रुग्ण पाहिलेला नाही, आणि ही फार आनंदाची गोष्ट आहे. पण त्यामुळे या आजाराची चाल त्यांना पुस्तकातूनच कळते.

पोलिओचा विषाणू तोंडावाटे पोटात जातो आणि शौचावाटे बाहेर पडतो. ज्यांना लागण होते त्यांतल्या बहुतेक मुलांना काहीच होत नाही, किंवा साधा ताप, घसादुखी होऊन जाते. साधारण दोनशेत एका मुलाला कायमचा लुळेपणा येतो. विषाणू मज्जारज्जूच्या पुढच्या भागातल्या पेशींवर घाला घालतो. या पेशी स्नायूंना हालचालीचा हुकूम देतात. पेशी मेली की तिच्या ताब्यातला स्नायू ढिला पडतो. स्पर्श मात्र शाबूत राहतो. पायाला टाचणी टोचली तर मूल रडतं, पण पाय मागे घेऊ शकत नाही. आईला हे बघवत नाही, आणि डॉक्टरला मात्र यावरूनच निदानाची दिशा मिळते. दोन्ही पाय सारखे लुळे पडत नाहीत. एक जास्त, एक कमी. एकाच पायात मांडीचा पुढचा स्नायू गेलेला आणि मागचा शाबूत, असंही असतं.

खरी हानी पुढे होते, आणि ती सावकाश होते. शाबूत स्नायू ओढत राहतो, मेलेला स्नायू विरोध करू शकत नाही, आणि वाढतं हाड त्या ओढीने वाकडं होत जातं. गुडघा आखडतो. खुबा पुढे आणि बाहेर ओढला जातो. टाच वर चढते आणि मूल चवड्यावर चालायला लागतं. पाय आखूड राहतो, मग कंबर तिरकी होते, मग पाठीचा कणा. विषाणूचं काम थोड्या दिवसांत संपतं, पण मुलाचं शरीर पुढची दहा-बारा वर्षं वाकत राहतं. हे वाकणं थांबवता येतं. पाय योग्य स्थितीत ठेवणं, रोज प्रत्येक सांधा पूर्ण हलवणं, जिवंत राहिलेल्या थोड्याफार तंतूंना कामाला लावणं, वेळेवर कॅलिपर देणं, आणि गरज पडली तर शाबूत स्नायूची कंडरा हलवून मेलेल्याच्या जागी लावणं. यातलं शेवटचं काम शस्त्रक्रियेचं. बाकी सगळं रोजच्या रोज, महिनोन् महिने करायचं.

१९४५ मध्ये आपल्या देशात हे करणारं कोण होतं? जवळजवळ कोणी नाही. बाहेरच्या जगातही मतभेद होते. लुळा पडलेला पाय प्लास्टरमध्ये किंवा फळीला बांधून महिनोन् महिने स्थिर ठेवायचा, ही जुनी रीत. ऑस्ट्रेलियातल्या एलिझाबेथ केनी या परिचारिकेने ती रीत मोडून गरम लोकरीचे शेक आणि लवकर हालचाल सुरू केली, आणि बरीच वर्षं मोठमोठ्या डॉक्टरांच्या शिव्या खाल्ल्या. आपल्याकडे या वादाला जागाच नव्हती, कारण दोन्हींपैकी एकही उपचार नव्हता. डॉक्टर सांगायचे की जीव वाचला यात समाधान माना. हे सांगणारे डॉक्टर वाईट नव्हते. देवी, प्लेग, हिवताप आणि क्षय यांनी माणसं पटापट मरत होती, तेव्हा लंगड्या मुलाकडे बघायला वैद्यकशास्त्राला सवड नव्हती. मेलेल्यांची नोंद व्हायची, लंगड्यांची होत नसे.

फातेमाबाईंना हे समाधान मानायचं नव्हतं. मद्रासला डॉ. एम. जी. किणी नावाचे अस्थिशल्यविशारद आहेत असं कळलं, तेव्हा मुलीला घेऊन त्या तिकडे गेल्या. किणी मूळचे मंगळूरकडचे, आपल्या किनारपट्टीचेच म्हणायचे. भारतातल्या अस्थिशल्यशास्त्राच्या पहिल्या पिढीतलं हे मोठं नाव. इंडियन ऑर्थोपेडिक असोसिएशनमध्ये त्यांच्या नावाचं व्याख्यान आजही दिलं जातं. किणींनी आधी फारसा उत्साह दाखवला नाही. बाई हटल्या नाहीत. अखेर त्यांनी मुलीला उपचाराखाली घेतलं आणि सुमारे आठ महिने ते उपचार चालले. उषाच्या पायात हालचाल येऊ लागली.

या आठ महिन्यांत बाईंनी काय पाहिलं असेल याचा अंदाज मी माझ्या कामावरून करू शकतो. स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशी मोजतात. शून्य म्हणजे काहीच नाही. एक म्हणजे बोटांना स्नायू थरथरल्याचं जाणवतं, पण सांधा हलत नाही. दोन म्हणजे पाय आडवा ठेवला तर सरकतो. तीन म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलता येतो. चार म्हणजे थोडा विरोध सहन करतो. पाच म्हणजे नेहमीसारखा. एकावरून दोनवर जायला महिना लागू शकतो. पाहुण्याला त्यात काही फरक दिसत नाही, आईला आणि उपचार करणाराला दिसतो. पोलिओत जी सुधारणा व्हायची ती बहुतांशी पहिल्या सहा महिन्यांत होते आणि दीड-दोन वर्षांत थांबते. म्हणजे हातात असलेला काळ मोजका आणि रोजची प्रगती तिळाएवढी. यात धीर सुटणं अगदी साहजिक आहे. किणींसारख्या व्यग्र सर्जनच्या दारात बसून राहण्याइतका धीर आणि पैसा किती आयांकडे होता, हा प्रश्न फातेमाबाईंना तिथेच पडला असावा. कारण पुढचं सगळं त्यातून निघालं.

मद्रासहून परतल्यावर पुण्याची गोष्ट आली. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी पुण्यात लष्कराचं पुनर्वसन केंद्र होतं. तुटलेल्या, लुळ्या पडलेल्या हातापायांच्या जवानांना पुन्हा उभं करायचं काम तिथे चाले. व्यायाम, पाण्यातले उपचार, पट्टे आणि आधार बनवणारे कारागीर, असा सगळा सरंजाम एका जागी होता. लष्कराच्या आवारात तीन-चार वर्षांच्या मुलीला प्रवेश कसा मिळणार? पण बाईंनी अधिकाऱ्यांना गळ घालून तो मिळवला. उषा तिथे चालायला शिकली.

मला या चरित्रातला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो. युद्धामुळे पुनर्वसनशास्त्र वाढलं हे पाठ्यपुस्तकात एका वाक्यात येतं. सैनिकाचा पाय सरकारला परत हवा असतो, म्हणून त्यावर पैसा, माणसं आणि विचार खर्च होतात. मुलाचा पाय कोणालाच परत नको असतो, त्याच्या घरच्यांशिवाय. फातेमाबाईंनी सैनिकांचा उपचार मुलांपर्यंत ओढून आणला.

मुंबईला आल्यावर त्यांना स्वस्थ बसवेना. आपली मुलगी चालते, मग बाकीच्यांचं काय? त्या शहरात अशा मुलांचा शोध घेऊ लागल्या. चाळींतून, झोपड्यांतून, मोठ्या बंगल्यांतूनही. पोलिओचं असं होतं की तो श्रीमंत-गरीब बघत नसे. बंगल्यातली मुलं आतल्या खोलीत ठेवलेली असत आणि चाळीतली गॅलरीत बसवलेली, एवढाच फरक. डॉ. ए. व्ही. बाळिगा हे तेव्हा मुंबईतले नामांकित सर्जन. तेही उडुपीकडचे. त्यांनी आपला चौपाटीचा दवाखाना या कामासाठी वापरायला दिला. मे १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याला तीन महिने असताना, पोलिओग्रस्त मुलांचं केंद्र तिथे सुरू झालं. सुरुवातीला ऐंशीच्या आसपास मुलं होती. तो सगळा काळ दंगलींचा आणि फाळणीच्या बातम्यांचा. एक मुसलमान बाई, एक कानडी मुलुखातला सारस्वत डॉक्टर, आणि सगळ्या जातीधर्मांच्या आया मुलांचे पाय मांडीवर घेऊन बसलेल्या. यावर जास्त काही लिहीत नाही.

याच कामातून सोसायटी फॉर द रिहॅबिलिटेशन ऑफ क्रिपल्ड चिल्ड्रन ही संस्था उभी राहिली. नावातला तिसरा शब्द आज कोणी वापरणार नाही, पण तेव्हाचा वापर तसाच होता. दुसरा शब्द मात्र काळाच्या पुढचा होता. पुनर्वसन. दान नाही, आश्रम नाही, सांभाळ नाही. अपंग मुलांसाठी काही करायचं म्हणजे त्यांना खाऊपिऊ घालून एका जागी ठेवायचं, ही आपली जुनी समजूत. बाईंची संस्था मुलाला घरी, शाळेत आणि पुढे कामावर पाठवण्यासाठी होती. त्यासाठी सर्जन लागतो तसा फिजिओथेरपिस्ट लागतो, कॅलिपर ठोकणारा लोहार-चांभार लागतो, शिक्षक लागतो. हे सगळे एका छपराखाली असावे लागतात, नाहीतर मूल या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत राहतं.

पुढे हाजीअलीला मुलांचं अस्थिरोग रुग्णालय उभं राहिलं. त्याच परिसरात १९५५ मध्ये केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही संस्था सुरू झाली. अडचण माणसांची होती. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट देशात नव्हते, परदेशातून आणावे लागत. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला परळच्या के.ई.एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने देशातलं पहिलं फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. आपल्या शाळेतून आज जी मुली फिजिओथेरपीला जातात त्यांच्या व्यवसायाचा या देशातला जन्म असा परळ ते हाजीअली एवढ्या अंतरात झाला, आणि तो पोलिओच्या मुलांमुळे झाला. आज त्यांचा बहुतेक वेळ मानदुखी, गुडघेदुखी आणि पक्षाघात यांत जातो, ते वेगळं.

परळलाच, हाफकिनच्या आवारात, पोलिओवर संशोधन करणारं केंद्र १९४९ पासून होतं. म्हणजे एका बाजूला विषाणूचा अभ्यास आणि तीन-चार मैलांवर त्याने मोडलेल्या मुलांचा उपचार. १९५५ मध्ये अमेरिकेत साल्कची लस यशस्वी ठरली, नंतर तोंडावाटे द्यायची लस आली. पण आपल्या खेड्यापाड्यांत ती पोहोचायला आणखी दोन-तीन दशकं गेली.

ती दशकं देवरूखने पाहिली आहेत. या स्मरणिकेचे जे वाचक साठीच्या पुढचे आहेत त्यांनी आपापला वर्ग आठवावा. गुडघ्यावर हात दाबत चालणारा एखादा मुलगा आठवेल. तो हात का दाबतो हे तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं. मांडीचा पुढचा स्नायू गेला की गुडघा उभा राहत नाही, मटकन दुमडतो. म्हणून मूल हाताने मांडी मागे ढकलून गुडघा कुलूप लावल्यासारखा बंद करतं आणि मग पुढचं पाऊल टाकतं. हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर, साकवावर, घाटीच्या चढावर हे चालणं काय असतं याचा विचार करा. कॅलिपर मिळाला तरी त्याचा चामड्याचा पट्टा कोकणच्या पावसात कुजायचा आणि लोखंडाला गंज चढायचा. दुरुस्तीला मुंबई. कोकण रेल्वे येण्याआधी एस.टी.ने रात्रभर प्रवास, नातेवाइकाच्या डबल रूममध्ये मुक्काम, आणि सकाळी नऊला हाजीअलीची रांग. मुंबईत चाकरमानी असलेल्या काकामामांनी आपल्या भागातल्या कितीतरी मुलांना खांद्यावर बसवून तिथे नेलं आहे. मुंबईत नातेवाईक नसलेली मुलं गावातच राहिली.

आणखी एक गोष्ट गावोगाव ऐकू येई. इंजेक्शनने पोर लंगडं झालं. डॉक्टर मंडळी हे अडाणीपणात काढत. पण त्यात तथ्य होतं. पोलिओचा विषाणू अंगात शिरलेला असताना तापासाठी स्नायूत इंजेक्शन दिलं तर त्याच पायाला लुळेपणा येण्याचा धोका वाढतो, हे अभ्यासाने सिद्ध झालेलं आहे. आईचं निरीक्षण बरोबर होतं, तिने काढलेलं कारण अर्धंच होतं. विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावं. रुग्णाची आई सांगते ते आधी लिहून घ्यावं, मग तपासावं.

फातेमाबाईंना १९५८ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७८ ते १९८४ त्या राज्यसभेवर राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होत्या. तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी गाठली होती. १९८७ मध्ये त्या गेल्या. देशभरातली मोठी लसीकरण मोहीम त्यांनी पाहिली नाही. भारतातला शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला, आणि मार्च २०१४ मध्ये आपल्या भागाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. डोस पाजायला रविवारी बूथवर बसलेल्या आपल्या अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि शाळेतल्या मोठ्या मुलांचाही त्यात वाटा आहे.

पोलिओ संपला म्हणून त्यांच्या कामाची गरज संपली नाही. जन्मतः वाकडे पाय असलेली मुलं, मेंदूच्या इजेमुळे स्नायू ताठ झालेली मुलं, स्नायूंच्या ऱ्हासाने दहाव्या-बाराव्या वर्षी चालणं थांबलेली मुलं आजही येतात. वाकडा पाय जन्मल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांतच हळूहळू प्लास्टर बदलत सरळ करायला घेतला तर बहुतेकांना मोठी शस्त्रक्रिया लागत नाही. गावातून ते मूल दोन वर्षांचं झाल्यावर येतं, तेव्हा काम दसपट झालेलं असतं. आणि लहानपणी पोलिओ होऊन गेलेले जे आज पन्नाशी-साठीत आहेत, त्यांच्यातल्या काहींना पुन्हा अशक्तपणा जाणवू लागतो. उरलेल्या थोड्या पेशींनी चाळीस वर्षं दुप्पट काम केलेलं असतं, त्या थकतात. अशा माणसाला जोर लावून व्यायाम करायला सांगणं चुकीचं. त्याला काम वाटून घ्यायला, विश्रांती घ्यायला आणि हलका आधार वापरायला सांगायचं. मेळाव्याला येणाऱ्यांपैकी कोणाला असा त्रास होत असेल तर त्यांनी वय झालं म्हणून सोडून देऊ नये, अस्थिरोग किंवा पुनर्वसनाच्या डॉक्टरांना लहानपणचा आजार आवर्जून सांगावा. तरुण डॉक्टर तो विचारतीलच असं नाही, कारण त्यांनी पोलिओ पाहिलेला नाही.